तळ्याकाठचं कोरडं बेअरिंग

फिटरच्या घरातलं बोलणं ऐकायला शेजाऱ्यांना भिंतीला कान लावावा लागत नसे. लावायचीच झाली तर उशी लावावी लागे. “अहो, चहात साखर टाकली का?” असा साधा प्रश्न त्या घरातून निघाला की तो जिना उतरून खालच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानात पोचायचा, आणि इस्त्रीवाला शर्टाच्या कॉलरवरून नजर न उचलता ओरडायचा, “टाकली असेल, वहिनी!” एकदा तर “अहो, माझा चष्मा पाहिलात का?” याचं उत्तर समोरच्या इमारतीच्या खिडकीतून आलं होतं. “फ्रिजवर आहे!” आणि चष्मा फ्रिजवरच निघाला.

नवीन राहायला आलेल्यांना वाटायचं, या म्हातारा-म्हातारीचं अजिबात पटत नाही. तसं काही नव्हतं. फिटरला ऐकू येत नव्हतं, एवढंच. आणि त्याच्या बायकोला स्वभावाविरुद्ध, गळ्याविरुद्ध आणि उभ्या आयुष्याच्या सवयीविरुद्ध ओरडावं लागत होतं. कारण ती पाळणाघरात काम करायची. दुपारी जेवणं झाली की खोलीभर पोरांच्या मधोमध बसून ती हलक्या आवाजात बोलत राहायची आणि पोरं एकेक करून झोपायची. आया विचारायच्या, आमच्याकडे तर हा तासभर रडतो, तुमच्याकडे झोपतो कसा? ती हसायची. तिच्या आवाजातच गुंगी होती. असा आवाज जिच्या गळ्यात, तिच्या नशिबी नवरा कोण, तर हा!

फिटर म्हणजे कापड गिरणीतला फिटर. पोरसवदा वयात तो मागांना तेल घालायला म्हणून विणाई खात्यात शिरला आणि डोक्याचे केस पांढरे झाल्यावर तिथून बाहेर पडला. मधला सगळा काळ त्याच्या दोन्ही बाजूंनी माग धडधडत होते. त्या खात्यात तोंडानं बोलून उपयोग नसायचा. शेजारच्यानं कानात बोंब मारली तरी नुसते हलणारे ओठ दिसायचे. म्हणून तिथली माणसं ओठांवरून बोलणं वाचत आणि बाकीचं हातांनी भागवत. तळहात खाली दाबला की ‘हळू’. दोन बोटं फिरवली की ‘धागा तुटला’. अंगठा ओठाला लावला की ‘चहा’, आणि ही खूण मात्र खात्याच्या दुसऱ्या टोकालाही बरोबर दिसायची.

तरी त्या गोंगाटात फिटरचा कान प्रसिद्ध होता. स्क्रू ड्रायव्हरचं टोक मागाच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला लावायची, डोळे मिटायचे आणि सांगायचं, “डाव्या बाजूचं बेअरिंग कोरडं पडलंय.” उघडून बघावं तर तसंच असायचं. कानात घालायला गिरणीनं बोळे दिले होते. फिटर त्यांनी हाताचं तेल पुसायचा. कानात बोळे घालून माग ऐकायचा म्हणजे हातमोजे घालून भात कालवण्यासारखं, असं त्याचं म्हणणं होतं. बोळ्यांनी हात स्वच्छ झाले आणि कान गेले.

गेले ते एकदम नाही गेले. आधी बारीक आवाज गेले, मग दाराची घंटा गेली, मग बायकांचं आणि पोरांचं बोलणं गेलं. त्याला पत्ताच लागला नाही, कारण समोरच्याचं तोंड दिसलं की त्याला ‘ऐकू’ यायचं. तोंड दिसलं नाही की तो म्हणायचा, लोक हल्ली फार पुटपुटतात. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

बायको ओट्याशी पाठमोरी उभी राहून काही बोलली तर ते भिंतीला सांगितल्यासारखं व्हायचं. मग तिनं गॅस बारीक करायचा, हात पुसायचे, खोली ओलांडून त्याच्यापुढं जायचं, खांद्याला हात लावायचा, त्यानं पेपर खाली घेईपर्यंत थांबायचं आणि मग ओरडायचं. एवढं करण्यासारखं काय असतं माणसाकडं? गॅस संपलाय. डॉक्टरकडं जायचंय. मुलीचा फोन आला होता. असं कामाचं तेवढं ती ओरडून सांगायची. बाकीचं, म्हणजे वाटेत काय दिसलं, पाळणाघरात कोण कुणाला चावलं, आज उगीचच कशाचं हसू आलं, हे खोली ओलांडून जाण्याच्या लायकीचं ठरेना. असलं बोलणं ओरडून करता येत नाही. विश्वास नसेल तर करून बघा. हळूहळू त्या घरात फक्त कामाचं बोलणं उरलं. तेही अख्ख्या इमारतीला कळेल असं.

थंडी सरत आली तेव्हा मुलगी चार दिवस राहायला आली. तिनं एका संध्याकाळी पाहिलं, आई खिडकीशी उभी राहून एकटीच हसतेय. बाबांनी विचारलं, “काय झालं गं?” आई म्हणाली, “काही नाही.” आणि खिडकी लावून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं बाबांना रिक्षात घातलं आणि कानाच्या दवाखान्यात नेऊन बसवलं.

तिथल्या बाईंनी त्याच्या डोक्याला हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. फिटर बराच वेळ बटण धरून बसला. मग त्याला त्या बाईंची दया आली. “बाई, तुमचं मशीन बंद पडलंय,” तो म्हणाला. “मी बघू का उघडून?”

मशीन व्यवस्थित चालू होतं. मुलीनं काचेपलीकडून तोंडाला ओढणी लावली. हसू लपवायला की रडू, ते तिचं तिलाच ठाऊक.

कानात बसवायचं छोटंसं यंत्र मिळालं. महिनाअखेरपर्यंत वापरून बघा, पटलं तर ठेवा, नाही पटलं तर परत आणून द्या, असं बाई म्हणाल्या. मुलगी यंत्र बापाच्या कानात आणि काळजी आईच्या गळ्यात घालून आपल्या गावी गेली.

यंत्र कानात गेलं आणि फिटरच्या डोक्याची मंडई झाली. नळ कडाडत होता. पेपरचं पान उलटलं तर कुणी पत्रा कापतंय असं वाटे. पंख्याची कुरकुर, दाराची करकर, स्वतःच्याच चपलांची फटफट. बायकोनं ताटावर ताट ठेवलं तेव्हा तो खुर्चीतून उडाला. “सगळ्या जगाला ग्रीस लावायला झालंय,” तो म्हणाला आणि यंत्र काढून डबीत ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्यानं जाहीर केलं की महिनाअखेरची वाट बघण्यात अर्थ नाही, तो उद्याच ते परत करणार.

बायको भांडी घासत होती. पाठमोरीच ती काहीतरी म्हणाली. तिचे खांदे हलले, एवढं फिटरला दिसलं. मग तिनं हात पुसले, खोली ओलांडली, त्याच्यापुढं उभी राहिली आणि ओरडली, “तुम्ही यंत्र परत करा! मीही बोलणं परत करते! थकले मी!”

खाली इस्त्रीवाल्याची इस्त्री थांबली असणार. या खेपेला मात्र तो काही बोलला नाही.

फिटर वरमला. बायकोच्या तोंडून त्यानं ‘थकले’ हा शब्द कधी वाचला नव्हता. खरं सांगायचं तर तो घाबरलाच. ती बोलली तसं करणारी होती. घरात आहे नाही तेवढं बोलणंही बंद झालं तर उरतं काय? दोन खुर्च्या आणि एक पेपर. शेवटी तह झाला. महिनाअखेरपर्यंत यंत्र घरात लावलं नाही तरी चालेल, पण सकाळी ती तळ्याकडं फिरायला जाते तेव्हा त्यानं तिच्याबरोबर यायचं, आणि तेवढा वेळ यंत्र कानात ठेवायचं. महिना संपला की तो ठरवील ते.

ती रोज सकाळी तळ्यावर जाते, हे फिटरला माहीत होतं. गुडघ्यांसाठी जात असेल, असं तो समजून चालला होता. विचारलं कधीच नव्हतं.

तळं गावाबाहेर होतं. बांधावरून पायवाट, एका टोकाला पाणी कालव्यात सोडायची लोखंडी झडप आणि ती वर-खाली करायचं मोठं चाक, दुसऱ्या टोकाला लव्हाळ्यांची दाट बेटं. मधे पाण्यावर ओणवी झालेली वाळुंजाची झाडं. वसंत नुकता कुठं लागला होता. फांद्यांना पानं म्हणावीत अशी पानं नव्हती, नुसते हिरवे ठिपके होते. बांधावरच्या गवतात पिवळी फुलं आली होती आणि जमीन पावलाखाली मऊ लागत होती. बायको नेहमीच्या बाकावर बसली. फिटरनं सुस्कारा सोडून यंत्र कानात घातलं.

इथं भांडी नव्हती आणि नळ नव्हता. पहिल्यांदा त्याला वाऱ्याचा आवाज आला, मग लव्हाळ्यांची सळसळ. मग कुणीतरी लाकडावर ठोकल्यासारखं टकटक. त्यानं मान वर केली तर सुतारपक्षी. बदकांचा एक थवा पाण्यावर उतरला आणि उतरताना त्यांच्या पंखांची जी शिटी वाजली, ती ऐकून फिटर तोंड उघडं टाकून बघत राहिला. बदकं उतरताना आवाज होतो, हे तो पार विसरून गेला होता. त्याला बरं वाटलं. पण लगेच कबूल करील तर तो फिटर कसला!

तेवढ्यात त्याला ते ऐकू आलं. बारीक, चढं, थांबून थांबून. किंऽ, किंऽ, किंऽ.

त्याचा चेहरा एकदम कामावरचा झाला. “कुठंतरी बेअरिंग कोरडं पडलंय,” तो म्हणाला.

बायकोनं त्याच्याकडं पाहिलं. तिच्या ओठांचे कोपरे हलले. आवाज कशाचा आहे ते तिला पक्कं माहीत होतं. पण ती पडली पोरं झोपवणारी बाई. रडणाऱ्या पोराच्या हातातली वस्तू कधी काढून घ्यायची नसते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? “असेल,” ती म्हणाली. “शोधा की.” आणि मूग गिळून बसली.

दुसऱ्या दिवशी फिटर लांब चोचीची तेलाची कुपी घेऊन आला. आधी त्यानं झडपेच्या चाकाला तेल घातलं. चाक लोण्यासारखं फिरू लागलं, पण किंऽ किंऽ चालूच. मग त्यानं फाटकाच्या बिजागऱ्या धरल्या. मग माळीणबाईंची ढकलगाडी. तळ्याकाठची झाडं आणि रोपं बघायला एक माळीणबाई होत्या. त्यांची गाडी अनेक वर्षांनी मुक्यानं चालली तेव्हा त्या म्हणाल्या, “काका, रोज येत जा!” आवाज तरी थांबेना. फिटरनं हयातीत इतकी हार खाल्ली नव्हती. एका कोरड्या बेअरिंगनं त्याला तळ्याभोवती गरागरा फिरवला होता.

आणि गंमत अशी की यंत्र काढलं की आवाज नाहीसा व्हायचा. शोधायचा तर यंत्र कानात हवंच. मग तो बांधावर यायच्या आधीच, वाटेतच यंत्र लावू लागला. पुढं घरून निघतानाच लावू लागला. बायकोनं चकार शब्द काढला नाही. सुंठीवाचून खोकला जात असेल तर सुंठ कोण उगाळतंय!

एक दिवस त्यानं ठरवलं, आज काय तो निकाल. वाळुंजाच्या एका जुन्या झाडापाशी आवाज सगळ्यात मोठा येत होता. तो बांधावर चक्क पालथा पडला, कोपरांवर पुढं सरकला आणि काठावरून खाली डोकावला. झाडाच्या मुळ्यांच्या जाळीत एक बीळ होतं. बिळाच्या तोंडाशी ओल्या मातीवर एक तपकिरी, चपट्या डोक्याचा, मिशीवाला जीव बसला होता. जेमतेम वीतभर लांबीचा. त्यानं तोंड उघडलं आणि आतून आवाज आला. किंऽ!

त्याच्यामागून दुसरं डोकं आलं. मग पाण्यात बुडबुड्यांची एक रेघ उमटली आणि तोंडात मासा धरून त्यांची आई वर आली, लांबलचक, चकचकीत. पिल्लांनी तिच्यावर झडप घातली आणि दोघांचं किंऽ किंऽ एकत्र सुरू झालं. फिटरचं काळीज लहान मुलासारखं उड्या मारायला लागलं. आयुष्यात त्यानं असलं काही पाहिलं नव्हतं. आणि जे विणाई खात्यात आयुष्य काढलेल्या माणसानं करावं, तेच त्यानं केलं. मान वळवून, शंभर मागांवरून जाईल अशा आवाजात तो ओरडला, “अगं ए! इकडं ये! बेअरिंग नाही, मांजर आहे!”

बदकांचा थवा उठला. बगळा उडाला. आईनं पिल्लं कशी आणि कधी आत ओढली ते त्याला दिसलंही नाही. पाण्यावर एक वर्तुळ पसरत गेलं आणि तळं रिकामं झालं.

माळीणबाई दोरखंड घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, कुणीतरी पाण्यात पडलं. काय झालं ते कळल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. “काका, पाणमांजरं आहेत ती. फार भित्री जात. घाबरली की आई पिल्लांना तोंडात धरून जागा बदलते. मग पुन्हा दिसतील की नाही, सांगता येत नाही.” आणि बाकाकडं बघत त्या हळहळल्या, “ताई इतके वसंत येऊन बसतात इथं. त्यांच्यामुळं एकदासुद्धा उठली नव्हती.”

फिटर उठला. कपड्यांना चिखल, हातात कुपी. त्यानं बायकोकडं पाहिलं. ती पाण्याकडं बघत होती. रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं.

घराची निम्मी वाट मागं पडली. मग तो म्हणाला, “मला कधी सांगितलं नाहीस.”

ती थांबली. सवयीनं त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं की आज त्याची गरज नाही, आणि ती साध्या आवाजात म्हणाली, “पहिल्यांदा दिसली ना, तेव्हा सांगायलाच धावत घरी आले होते. तुम्ही पेपर वाचत होता. म्हटलं, काय सांगायचं ओरडून? पाणमांजराचं पिल्लू पाण्याला घाबरतं, हे काय ओरडून सांगायचं वाक्य आहे?”

पाणमांजराचं पिल्लू पाण्याला घाबरतं, हे फिटरला नवीन होतं. गेले इतके वसंत ही बाई एकटी तिथं बसून हे बघत आली आणि एकटीच घरी येऊन त्याचा चहा करत आली. घरी आल्यावर त्यानं यंत्र कानातून काढलं. घर मिटल्यासारखं झालं. त्यानं ते परत घातलं. आत ती कप विसळत होती आणि स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होती. ती गुणगुणते, हेही तो विसरला होता. फिटर खुर्चीत बसून ते ऐकत राहिला आणि त्याला स्वतःची फार लाज वाटली. आपण जे परत करायला निघालो होतो, ते हे होतं.

आता त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. तिची पाणमांजरं तिला परत मिळायला हवी होती. आणि पुन्हा कधी ती दिसलीच, तर हळू बोलता यायला हवं होतं. दुसरं पहिल्यापेक्षा अवघड होतं, कारण आपला आवाज किती मोठा आहे हे त्याला कधी कळलंच नव्हतं. बायको त्याला गिरणीतल्या खुणेनं थोपवायची. तळहात खाली, ‘हळू’. आणखी खाली, ‘अजून हळू’. त्यानं जाऊन इस्त्रीवाल्यापाशी सराव केला.

“काय दादा, काम कसं चाललंय?” तो जमेल तितक्या हळू म्हणाला.

इस्त्रीवाल्यानं इस्त्री उभी करून ठेवली. “फिटर, तब्येत बरी आहे ना? आणि वहिनींचा आवाज नाही हल्ली. माहेरी गेल्यात का?”

रोज सकाळी दोघं तळ्यावर जात. वाळुंजाखालचं बीळ ओसाड पडलं होतं. फिटर मात्र आता डोळ्यांत तेल घालून आणि कानांत प्राण आणून बसायचा. आजवर हुकलेलं एकेक त्याच्या पदरात पडत होतं. खंड्या पाण्यात सूर मारताना होणारा टुबुक आवाज. खारी एकमेकींना झाडाच्या बुंध्याभोवती पळवताना नखांची खरखर. काठच्या उथळ पाण्यात बेडकांचं एकानं सुरू करायचं आणि सगळ्यांनी उचलून धरायचं. एवढं सगळं चाललं होतं आणि कुणी त्याच्याकडं एक शब्दानं तक्रार केली नव्हती की इतकी वर्षं आलास का नाहीस. बाकावर बसल्या बसल्या त्याला कुणाचे तरी आभार मानावेसे वाटत. मुलीचे, त्या दवाखान्यातल्या बाईंचे, नाहीतर सरळ त्या बेडकांचे. पण शेजारी बायको वाळुंजाकडं बघत बसलेली असे. तिचं एवढं एक सुख होतं, तेही आपण ओरडून घालवलं.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. दवाखाना दहाला उघडणार होता. यंत्राची डबी बायकोनं पिशवीत टाकली होती. तह झाला होता, ठरवायचं त्यानं होतं, आणि ती शब्दाची पक्की होती. झाडं आता खऱ्या पानांनी भरली होती. ती थर्मासमधून चहा ओतत होती, तेवढ्यात फिटरनं मान वळवली. लांबून, तळ्याच्या पार दुसऱ्या टोकाकडून, वाऱ्याच्या आणि बेडकांच्या आडून, अगदी पुसट. किंऽ.

ते त्यानं आधी ऐकलं. तिच्या आधी. त्यानं तिच्या मनगटाला हात लावला, बोट कानाकडं नेलं, मग लव्हाळ्यांकडं दाखवलं आणि तळहात खाली दाबला. तिनं चहा तसाच बाकावर ठेवला. दोघं बांधावरून चोरासारखी निघाली, तिच्या गुडघ्यांच्या बेतानं. लव्हाळ्यांच्या अलीकडं एक आडवं पडलेलं खोड होतं. त्यावर ती दोघं टेकली.

आईनं पिल्लांना तिथं हलवलं होतं. दोनाची आता तीन निघाली होती. तिसरं कुठं दडलेलं होतं देव जाणे. दोन पाण्यात होती आणि तिसरं काठावर बसून जिवाच्या आकांतानं तक्रार करत होतं.

फिटरच्या छातीत केवढं तरी मोठं काहीतरी वर आलं. तोंड उघडलंही. पण त्यानं ते मिटलं. आणि मग त्याच्या कानाशी, किंचित मागून, तिचा आवाज आला. पोरं झोपवायचा तो आवाज. फिटरनं तो तरुणपणी ऐकला असेल, नंतर कधीच नाही.

“ते काठावरचं धाकटं,” ती म्हणत होती. “दर वर्षी एखादं असतंच असं. आई आता काय करील बघा, त्याच्याकडं पाठ करील. लक्ष नाही असं दाखवील. पण शेपूट त्याच्याच बाजूला ठेवील, बघा. एका वर्षी एक होतं, ते पाण्यात पान पडलं तरी पळायचं. मी हसायला लागले की माळीणबाई म्हणायच्या, ताई, एकट्याच काय हसताय? आणि ते मोठं आहे ना, ते थोरलं नाही, नुसतं खादाड आहे. आपल्या मुलीसारखं बसतं बघा, पाय पुढं टाकून. पाळणाघरात एक पोरगी होती अशीच…”

कशालाच अर्थ नव्हता. त्यातला एकही शब्द खोली ओलांडून जाऊन ओरडण्याच्या लायकीचा नव्हता. ती बोलत राहिली. इतक्या वर्षांचं साठलेलं बिनकामाचं बोलणं, मऊ आवाजात, मधेच हसत, मधेच तिसऱ्याच गोष्टीवर जात. फिटर पाण्याकडं बघत ऐकत होता. आपण किती श्रीमंत आहोत, असं त्याला वाटलं. हे सगळं आपल्याच घरात होतं आणि आता आपल्याला मिळतंय, याबद्दल त्याच्या मनात नुसती कृतज्ञता दाटून आली. डोळे भरून आल्यामुळं पाणमांजराची तीन पिल्लं त्याला पाच दिसू लागली.

बोलता बोलता, आवाज जराही न बदलता ती म्हणाली, “डबी पिशवीत आहे. आज शेवटचा दिवस.”

“मुलीला कळव, ठेवतोय म्हणून,” तो म्हणाला. हळू म्हणाला. एकही बदक उठलं नाही. “पुढं? धाकटं उतरलं का पाण्यात? इथून मला लव्हाळी आड येताहेत.”

ती गप्प झाली. हा माणूस तिच्या ओठांकडं बघत नव्हता. मघापासून त्यानं एकदाही मान वळवली नव्हती, आणि तरी तो तिचं सगळं ऐकत होता. तिनं पदर डोळ्यांना लावला.

“का गं? थांबलीस का?” तळ्यावरची नजर न काढता तो म्हणाला. “बोल ना.”